स्विच म्हणतो दहा, तार म्हणते अडीच: पॉज कुठे ऐकायचा आणि कुठे पाठवायचा नाही

नॅसवर (नेटवर्कवरून सगळ्यांनी वापरायच्या डिस्कच्या पेटीवर) फूटेज चढवताना वेग पूर्ण मिळतो, पण तेच फूटेज टाइमलाइनवर उघडलं की अडखळतं, असं कोणी सांगितलं की मी आधी स्विचच्या, म्हणजे सगळ्या यंत्रांच्या तारा जिथे येतात त्या पेटीच्या, मागे जाते आणि कुठल्या पोर्टात कुठलं मॉड्यूल खोचलंय ते बघते. डिस्कचा नंबर नंतर. डिस्क थकली असेल तर बहुतेक वेळा लिहितानाच आधी जाणवतं. इथे लिहिणं ठणठणीत आणि वाचणं रडतंय. म्हणजे माल वेगवान बाजूकडून संथ बाजूकडे येताना वाटेत सांडतोय, आणि तो कुठे सांडतोय ते शोधायचंय.

बडोद्यात ही तक्रार आता वरचेवर येते. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या स्टुडिओंचं नवरात्रातलं काम डोळ्यांसमोर आणा: गरब्याचं चार-पाच कॅमेऱ्यांचं फोर-के फूटेज रोज रात्री उतरवायचं आणि सकाळी कापायला बसायचं. म्हणून नॅसला दहा गिगाबिटचं कार्ड घेतलं जातं. स्विचला एसएफपी-प्लसचे, म्हणजे सुटं मॉड्यूल खोचायचे दहा गिगाबिटचे, दोन-चार कप्पे असतात. एडिटिंगचं मशीन मात्र आतल्या खोलीत, जुन्या घराच्या जाड भिंतीतून केव्हाच ओढून ठेवलेल्या कॅट-५ई तारेवर, आणि त्याच्या मदरबोर्डवर २.५ गिगाबिटचं पोर्ट. मग दुकानदार तांब्याच्या तारेचं एक एसएफपी-प्लस मॉड्यूल देतो. ते कप्प्यात बसतं, दिवा लागतो, पिंग जातं.

ही खरेदी चुकीची नाही, हे आधीच सांगते. २०१६ मध्ये ८०२.३बीझेड हे इथरनेटचं मानक आलं ते याचसाठी, की भिंतीतली जुनी कॅट-५ई न उपटता शंभर मीटरपर्यंत २.५ गिगाबिट मिळावेत. तार बदलायची गरज नाही, मॉड्यूल फेकायची गरज नाही. पॉजची, म्हणजे थांबण्याच्या निरोपाची, एका पोर्टावरची एक सेटिंग लावायची असते, आणि ती नेमकी कुठली हे कळायला मॉड्यूलच्या आत काय चालतं ते समजून घ्यावं लागतं.

मॉड्यूलच्या आत

अशा मॉड्यूलला दोन तोंडं असतात. एक स्विचच्या चिपकडे, दुसरं तांब्याच्या तारेकडे. तारेकडच्या तोंडाने समोरच्या मशीनशी बोलणी होतात आणि २.५ ठरतं. स्विचकडचं तोंड मात्र पुष्कळ मॉड्यूलांत कायम दहावरच बांधलेलं असतं. तारेवर काय ठरलं हे स्विचला कळतच नाही. त्याच्या पानावर "१० जी, लिंक अप" दिसतं आणि तो दहाच्याच वेगाने फ्रेमा (डेटाचे तुकडे, व्हिडिओच्या फ्रेमा नव्हेत) ओतत राहतो. (काही मॉड्यूल स्विचकडचा वेगही तारेप्रमाणे बदलतात. पण मग त्या कप्प्याला २.५ चालवता आलं पाहिजे, आणि प्रत्येक स्विचला ते येत नाही.)

आता हिशेब करू. १५१८ बाइटची पूर्ण फ्रेम, तिच्या आधीची ८ बाइटची प्रस्तावना आणि नंतरची १२ बाइटची मोकळी जागा मिळून १५३८ बाइट होतात. दहा गिगाबिटवर त्याला १.२३ मायक्रोसेकंद लागतात, अडीचवर ४.९२. एक फ्रेम तारेवर जाईपर्यंत मागून चार येतात. आणि नॅस फ्रेमा सुट्या सुट्या पाठवत नाही. त्याच्या कार्डात तुकडे पाडायचं काम हार्डवेअरच करतं, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंतचा घास त्याच्या हवाली करते आणि कार्ड तो सलग, दहाच्या वेगाने सोडतं. तेवढ्या वेळात तारेवरून जेमतेम १६ किलोबाइट पुढे सरकतात. उरलेले ४८ कुठेतरी ठेवावे लागतात.

मॉड्यूलमधल्या चिपची साठवण छोटी असते. समजा १६ किलोबाइट. वेगांतला फरक साडेसात गिगाबिटचा, म्हणजे ती साडेसतरा मायक्रोसेकंदांत भरते. त्यानंतर येणारं सगळं गळतं. प्रत्येक घासाला गळतं. टीसीपी (माल नीट पोचवायची जबाबदारी घेणारा नेटवर्कचा नियम) हरवलेलं परत मागवतो, वेग एकदम कमी करतो, हळूहळू वाढवतो, पुन्हा आपटतो. अडीचच्या तारेवर चारशे-पाचशे मेगाबिट मिळाल्याची तक्रार येते ती यामुळे.

यात सगळ्यात त्रासदायक गोष्ट ही, की ही गळती स्विचच्या कुठल्याही आकड्यात दिसत नाही. स्विचच्या दृष्टीने त्याने फ्रेम दिली, काम झालं. मशीनच्या दृष्टीने ती कधी आलीच नाही. सीआरसी चुका (वाटेत बिघडलेल्या फ्रेमा) शून्य, ड्रॉप (टाकून दिलेल्या फ्रेमा) शून्य, दोन्हीकडे सगळं हिरवं. माणसं मग केबल बदलतात, क्रिंपिंग पुन्हा करतात, नॅसच्या डिस्क बदलायला निघतात.

बरीचशी मॉड्यूलं यावर एक उपाय स्वतःच करतात: साठवण भरत आली की स्विचला पॉज फ्रेम पाठवतात. ही सोय १९९७ च्या ८०२.३एक्स मानकापासून आहे. पॉज फ्रेम ठराविक पत्त्यावर जाते, ०१-८०-सी२-००-००-०१, आणि तिच्यात थांबायचा काळ लिहिलेला असतो: ० ते ६५५३५ यांतला एक आकडा. एकक म्हणजे ५१२ बिट जायला लागणारा वेळ. दहा गिगाबिटवर ते ५१.२ नॅनोसेकंद होतं, म्हणजे एका पॉजने जास्तीत जास्त ३.३६ मिलिसेकंद थांबवता येतं. एक गिगाबिटवर तोच आकडा ३३.५ मिलिसेकंदांचा होतो. जागा मोकळी झाली की शून्य लिहिलेली पॉज फ्रेम जाते आणि ओघ पुन्हा सुरू होतो.

दोन बारकावे इथेच मनात पक्के करा, पुढे उपयोगी पडतील. पहिला: पॉज एका दुव्यापुरताच असतो. स्विच तो पुढे पाठवत नाही. मॉड्यूल ओरडलं तर ते फक्त त्या कप्प्यामागच्या स्विचच्या चिपला ऐकू येतं, नॅसला नाही. दुसरा: हा पॉज एडिटिंगच्या मशीनने पाठवलेला नसतो. मशीनला काहीच त्रास नाही, ते आरामात २.५ घेतंय. पॉज जन्माला येतो मॉड्यूलमध्ये, कारण दोन वेगांचा सांधा तिथे आहे.

आणि सेटिंग बदलता येणाऱ्या बहुतेक स्विचांवर मूळ सेटिंग काय असते? फ्लो कंट्रोल, म्हणजे पॉज मानणं आणि पाठवणं, बंद. मॉड्यूल जिवाच्या आकांताने थांब म्हणतंय आणि स्विचने कान झाकलेत.

आधी मोजा

सेटिंगला हात लावायच्या आधी तीन गोष्टी बघून घ्या.

पहिली, दोन्ही टोकांचा वेग. स्विचच्या पानावर त्या पोर्टाचा वेग वाचा. मग मशीनवर जा. विंडोज असेल तर नेटवर्कच्या माहितीत लिंक स्पीडची ओळ बघा, लिनक्स असेल तर ईथटूल ही आज्ञा आणि पुढे पोर्टाचं नाव. एकाच तारेची दोन टोकं दोन वेगळे वेग सांगत असतील, तर वेग जुळवायचं काम मध्ये मॉड्यूल करतंय हे नक्की. एका स्टुडिओचे मालक, वयाने मोठे, मला म्हणाले होते, "ताई, स्विचवर तर टेन-जी लिहिलंय, मी डोळ्यांनी बघितलंय." मी त्यांना मशीनवरचं २५०० दाखवलं. "काका, तेही खरं आणि हेही खरं. स्विच सांगतोय तो वेग त्याचा आणि मॉड्यूलचा आहे. भिंतीतल्या तारेचा नाही." त्यांनी लगेच विचारलं, "मग मधलं राहतं कुठे?" हाच प्रश्न विचारायचा असतो.

दुसरी, दोन्ही दिशांचा वेग. नॅसवर आयपर्फ-३ (नेटवर्कचा वेग मोजणारा प्रोग्रॅम) सर्व्हर म्हणून चालू करा (आज्ञेला छोटा एस लावून). एडिटिंगच्या मशीनवरून त्याला जोडा (छोटा सी आणि नॅसचा पत्ता) आणि तीस सेकंद चालू द्या. हे झालं मशीनकडून नॅसकडे, म्हणजे लिहिणं. मग तीच आज्ञा मोठा आर लावून पुन्हा द्या. आता माल नॅसकडून मशीनकडे येतो, म्हणजे वाचणं. अडीचच्या तारेवर टीसीपीला निव्वळ २.३५ गिगाबिट मिळायला हवेत. त्याहून जास्त मिळणार नाहीत, कारण बाकीची जागा हेडरं आणि फ्रेमांमधलं अंतर घेतं. लिहिताना २.३५ च्या आसपास आणि वाचताना त्याच्या पाव भागही नाही, शिवाय शेवटच्या गोषवाऱ्यात रीट्रान्समिटचा (पुन्हा पाठवाव्या लागलेल्या तुकड्यांचा) आकडा हजारांत, असं दिसलं की संशय संपला. नॅसच्या डिस्क या चाचणीत येतच नाहीत, आयपर्फ मेमरीतूनच पाठवतो. म्हणून डिस्कवरचा आळही इथेच मिटतो.

तिसरी, पॉजची मोजणी. स्विचच्या पोर्टाच्या आकडेवारीत "रिसीव्ह्ड पॉज" किंवा "आरएक्स पॉज" अशी ओळ असते. मोठा आर लावलेली चाचणी चालू ठेवा आणि ते पान ताजं करत राहा. आकडा सरसर वाढत असेल तर फार चांगली बातमी: मॉड्यूल बोलतंय, फक्त कोणी ऐकत नाहीये. आकडा हलतच नसेल तर एकतर स्विच बंद असलेल्या गोष्टीची मोजणी ठेवत नाही, नाहीतर मॉड्यूल मुकं आहे. हे सेटिंग बदलून पाहिल्यावरच कळतं.

त्या एका पोर्टावर, फक्त ऐकणं

स्विचच्या सेटिंगमध्ये त्या मॉड्यूलच्या पोर्टावर जा. फ्लो कंट्रोलच्या दोन वेगळ्या खुणा असतील, तर आरएक्स चालू आणि टीएक्स बंद ठेवा. आरएक्स म्हणजे समोरून आलेला पॉज मानणं, टीएक्स म्हणजे आपण पाठवणं. स्वस्त स्विचात दोन्हींना मिळून एकच खूण असते. तिथे नाइलाजाने दोन्ही चालू करा, पण त्याच पोर्टावर. या पोर्टावर माल संथ बाजूकडून वेगवान बाजूकडे जाताना स्विच सहसा भरत नाही, त्यामुळे त्याच्यावर पॉज पाठवायची वेळ क्वचित येते.

"ऑटो" वर विसंबू नका. ऑटो म्हणजे दोन्ही टोकांनी वाटाघाटीत पॉजबद्दल जे कबूल केलं ते मानायचं. तांब्याच्या साध्या पोर्टात ते उत्तम चालतं. एसएफपी-प्लसच्या दहा गिगाबिटच्या कप्प्यात मात्र अशी वाटाघाट होतच नाही. वाटाघाट झाली ती मॉड्यूल आणि मशीनमध्ये, आणि तिचा निकाल स्विचपर्यंत पोचला नाही. त्यामुळे ऑटो म्हणजे पुष्कळदा मुकाट्याने बंद. इथे हाताने "ऑन" करावं लागतं.

स्विचच्या जागी लिनक्सचं मशीन राउटर म्हणून असेल, तर ईथटूलला छोटा ए दिला की सध्याची पॉजची स्थिती दिसते आणि मोठा ए दिला की ती बदलते: ऑटोनेग ऑफ, आरएक्स ऑन, टीएक्स ऑफ. फोनवर कोणाला सांगत असाल तर छोटा आणि मोठा स्पष्ट उच्चारून सांगा, निम्मे फोन त्यातच जातात. मोठ्या एसने कार्डाची सगळी आकडेवारी निघते, त्यातून पॉज शब्दाच्या ओळी ग्रेपने गाळून घ्या. २०२२ च्या ६.१ कर्नलपासून लिनक्सला ही वेग जुळवण्याची भानगड स्वतःहून कळते. पीएचवाय (तारेशी बोलणाऱ्या) चिपचा ड्रायव्हर तशी माहिती देत असेल तर कर्नल तो पॉज ऐकणं आपणच चालू करतो, आणि नव्या ईथटूलमध्ये "रेट मॅचिंग" अशी ओळ दिसते. ती ओळ दिसली तर वरचं पहिलं मोजमाप वाचलंच म्हणा.

आता मोठा आर लावून आयपर्फ पुन्हा चालवा. आकडा २.३५ च्या आसपास जायला हवा आणि रीट्रान्समिट अगदी खाली यायला हवेत. ते ४८ किलोबाइट गेले कुठे? स्विचच्या साठवणीत. तिथे जागा पुष्कळ असते, छोट्या स्विचातसुद्धा शेकडो किलोबाइट. आणि स्विच जेव्हा खरोखर भरतो तेव्हा तो रांगेच्या शेवटी नीट, मोजून ड्रॉप करतो. तो ड्रॉप आकडेवारीत दिसतो आणि टीसीपीला समजतो. गळती अंधारातून उजेडात आली, हाच या सेटिंगचा फायदा.

सगळीकडे चालू करू नका

इथवर आलं की माणसाला वाटतं, एवढं चांगलं आहे तर सगळ्याच पोर्टांवर लावून टाकू. कृपा करून नको. एक सेटिंग बरोबर लावायला मी जेवढा वेळ देते, त्याहून जास्त वेळ असं सरसकट चालू केलेलं बंद करण्यात जातो.

नॅस दहावर आहे. एक कलर ग्रेडिंगचं मशीन दहावर, एडिटिंगचं अडीचवर, आणि हिशेबाचा एक जुना संगणक एक गिगाबिटवर. हिशेबाच्या संगणकावर कोणी नॅसवरून मोठी फाईल ओढायला लागलं. स्विचमधली त्याची रांग भरते. नॅसच्या पोर्टावर टीएक्स पॉज चालू असेल तर स्विच नॅसला म्हणतो, थांब. पण कोणाचा माल थांबवायचा ते पॉजमध्ये लिहिलेलं नसतं. "हिशेबाच्या संगणकाचं तेवढं थांबव" असं त्यात सांगता येत नाही, तो अख्खा दुवा थांबवतो. नॅस थांबला की ग्रेडिंगचं मशीनही उपाशी राहतं. दहाच्या दुव्याचा वेग सगळ्यात संथ ग्राहकाच्या पातळीवर येतो. पॉज नसता तर? हिशेबाच्या संगणकाच्या चार फ्रेमा गळल्या असत्या, त्याच्या टीसीपीने आपला वेग ९४१ मेगाबिटच्या जवळ आणून ठेवला असता आणि बाकीच्यांना पत्ताही लागला नसता. ही गळती निरोगी आहे. टीसीपी तिच्यावरच चालतो.

म्हणून माझा नियम एवढाच: वेगांचा सांधा जिथे स्विचच्या बाहेर, न दिसणाऱ्या छोट्या साठवणीत आहे, तिथे ऐका. सांधा जिथे स्विचच्या आत आहे, तिथे स्विचला त्याचं काम करू द्या. आणि स्विचने स्वतः पॉज पाठवायचा नाही.

पाठवायचा नाही यामागे दुसरंही कारण आहे, आणि ते मी प्रत्येक ग्राहकाला समजावून सांगते. पॉज पाठवायचं काम नेटवर्क कार्डाचं हार्डवेअर करतं. संगणक गोठला, त्याची साठवण कोणी रिकामी करत नाही, तरी कार्डाला वीज आहे तोवर ते पॉज पाठवत बसू शकतं. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका कारखान्यात असंच झालं होतं. पॅकिंगच्या टेबलावरचा एक संगणक अडकून पडला आणि थोड्या वेळात आख्ख्या ऑफिसचं नेटवर्क थांबलं. स्विचचे दिवे चालू, पिंग बंद. स्विच रीस्टार्ट केला की दोन मिनिटं बरं, पुन्हा तेच. एकेक तार काढत गेल्यावर त्या टेबलाची तार निघाली आणि त्याच क्षणी सगळं सुरू झालं. अडकलेला संगणक स्विचला थांब म्हणत होता, स्विचची साठवण त्याच्या नावाच्या फ्रेमांनी भरत होती, आणि सगळ्या पोर्टांवर टीएक्स चालू असल्यामुळे स्विच तोच थांबा बाकी सगळ्यांना वाटत होता. स्विचने नुसतं ऐकलं असतं आणि पुढे पाठवलं नसतं, तर तो आजार एका पोर्टात राहिला असता.

अनमॅनेज्ड स्विचात हे बंद करायची जागाच नसते, आणि पॉज बहुधा चालूच असतो. तिथे दुसऱ्या टोकाने काम करा. तांब्याच्या पोर्टावर संगणकाने वाटाघाटीत पॉज कबूलच केला नाही, तर स्विचही त्या पोर्टावर तो वापरत नाही. विंडोजमध्ये कार्डाच्या ॲडव्हान्स्ड पानावर फ्लो कंट्रोल "डिसेबल्ड" करायचं. फायबर किंवा डॅक (दोन्ही टोकं थेट कप्प्यात बसणाऱ्या तयार तांब्याच्या) तारेवरच्या नॅसला आरएक्स ऑफ करायचं, मग स्विच काहीही ओरडो, नॅस थांबणार नाही.

मॉड्यूल मुकंच असेल तर

काही मॉड्यूल पॉज पाठवतच नाहीत. आरएक्स चालू करूनही आकडा शून्य आणि वाचण्याचा वेग तसाच रडतोय, तर स्विचलाच हात आखडता घ्यायला लावा: त्या पोर्टावर बाहेर जाणाऱ्या मालाला मर्यादा घाला. स्विचच्या पानावर याला इग्रेस रेट लिमिट किंवा शेपिंग म्हणतात.

आकडा २.५ ठेवू नका. पुष्कळ स्विच फक्त फ्रेमचे बाइट मोजतात, प्रस्तावना आणि मोकळी जागा मोजत नाहीत. मोठ्या फ्रेमांना २.४७ गिगाबिटवरच तार भरते. ६४ बाइटच्या बारक्या फ्रेमांना तर १.९ वरच. फूटेजच्या कामात फ्रेमा मोठ्याच असतात, म्हणून मी २.३ लावते आणि समाधानी असते.

खरी गोम बर्स्टच्या आकड्यात आहे. मर्यादा सरासरीची असते, बर्स्ट म्हणजे एका दमात किती सोडायचं. तिथे मूळ आकडा पुष्कळदा मोठा असतो. बर्स्ट ६४ किलोबाइट ठेवला तर स्विच तो अख्खा घास दहाच्याच वेगाने मॉड्यूलमध्ये ओततो आणि गळती जशीच्या तशी राहते. मग लोक म्हणतात, शेपिंग लावून काही फरक नाही. बर्स्ट मॉड्यूलच्या साठवणीपेक्षा लहान हवा. स्विच देईल तेवढा छोटा आकडा घ्या, ८ किलोबाइटच्या आसपास, पण एका पूर्ण फ्रेमपेक्षा मोठा. जंबो फ्रेम वापरत असाल तर ती ९ किलोबाइटची असते हे धरूनच.

ज्या स्विचात शेपिंगही नाही आणि मॉड्यूलही मुकं, तिथे मॉड्यूल बदला किंवा मूळचं २.५ चं तांब्याचं पोर्ट असलेला छोटा स्विच मध्ये बसवा. त्या पोर्टाला आपला वेग स्वतःला माहीत असतो, त्यामुळे हा प्रश्न उद्भवत नाही.

हाच सांधा आणखी कुठे भेटतो

यूएसबी २.० ला लावलेलं गिगाबिटचं कार्ड. तारेवर एक गिगाबिट, मागची यूएसबी ४८० मेगाबिटची. २०१८ चा रास्पबेरी पाय ३ बी-प्लस असाच आहे: गिगाबिट इथरनेट, पण यूएसबी २.० वरून, प्रत्यक्षात तीनशे मेगाबिटपर्यंत. असं यंत्र पॉज पाठवत असेल तर स्विचला त्याच्या पोर्टावर ऐकू द्या.

सीसीटीव्हीवाले वापरतात ते फायबरचे मीडिया कन्व्हर्टर, एका बाजूला गिगाबिट आणि दुसऱ्या बाजूला शंभर. तीच गोष्ट, तशीच छोटी साठवण, तीच चाचणी.

जिथे वेग वेगळे दिसतात पण काही करायचं नसतं, अशाही जागा आहेत. गिगाबिट चिपा एकमेकींशी एसजीएमआयआयने बोलतात. ती जोडणी कायम एकाच वेगाने धावते, आणि तार शंभरवर आली की प्रत्येक बाइट दहा वेळा, दहावर आली की शंभर वेळा पाठवला जातो. वेग दोन्ही बाजूंना माहीत असतो, म्हणून पॉज लागत नाही. आणि अगदी सारख्या वेगाच्या दोन टोकांतही घड्याळं तंतोतंत सारखी नसतात. मानकात दहा लाखांत शंभर इतका फरक चालतो, दोन्हीकडे. एका पूर्ण फ्रेममागे तो फार तर अडीच बिट होतो, आणि दोन फ्रेमांमधल्या ९६ बिटांच्या मोकळ्या जागेतले थोडे कमी-जास्त करून चिप तो भरून काढते. त्यात आपण लक्ष घालायचं नाही.

मोठ्या डेटा सेंटरांत आठ प्रायॉरिटींना वेगवेगळा थांबवणारा पीएफसी असतो, २०११ च्या ८०२.१क्यूबीबी मानकाचा. एका स्टोरेजच्या रांगेला थांबवून बाकी चालू ठेवता येतं. स्टुडिओला त्याची गरज नाही, आणि अर्धवट लावला तर त्रासच.

मे महिन्यातल्या बडोद्यासाठी एक वेगळी सूचना. तांब्याची दहा गिगाबिटची मॉड्यूलं अडीच वॅटच्या आसपास वीज खातात आणि बोट ठेवता येणार नाही इतकी तापतात. बंद कपाटात, एसीविना, दोन मॉड्यूल शेजारच्या कप्प्यांत बसवू नका, मध्ये एक कप्पा मोकळा सोडा. पण तापण्याचं लक्षण वेगळं असतं: लिंक तुटते आणि परत येते. वेग एका दिशेने सतत कमी, हे तापण्याचं लक्षण नाही.

सेटिंग लावून झाली की ती स्विचच्या कायमच्या स्मृतीत साठवा. बऱ्याच स्विचांत "अप्लाय" आणि "सेव्ह" ही दोन वेगळी बटणं असतात, आणि दिवे गेले की फक्त सेव्ह केलेलं उरतं. फर्मवेअर बदलल्यावर ते पोर्ट पुन्हा उघडून बघा. आणि स्विचवर त्या कप्प्याखाली चिठ्ठी चिकटवा: तार २.५, आरएक्स पॉज चालू, टीएक्स बंद. उद्या त्या मशीनला दहाचं कार्ड आलं आणि तार कॅट-६ए झाली, तर मॉड्यूलमधला सांधाच जाईल. तेव्हा दोन्ही टोकांना दहा दिसतंय ना ते बघा, आयपर्फला ९.४ मिळतायत ना ते बघा, आणि मगच आरएक्स बंद करून चिठ्ठी काढा.